मॅनेजरची जागा

भास्कर उकिडवेचं पोलादी भांडं मार्च महिन्यापासून एका खिळ्यावर अडकून पडलं होतं. भांडं म्हणजे भांड्याची चिठ्ठी. कार्ल्सरूहेच्या ज्या संस्थेत तो डॉक्टरेट करत होता तिच्या तळघरात वर्कशॉप होतं आणि वर्कशॉपच्या दाराशी भिंतीत वीतभर लांब खिळा ठोकलेला होता. ज्याला उपकरण करून हवं असेल त्यानं आपला त्सेटेल, म्हणजे कामाची चिठ्ठी, त्या खिळ्यात खोचायची आणि वर्कशॉपचे प्रमुख माइस्टर ब्रेंडले यांची मर्जी कधी होते याची वाट बघायची. भिंतीकडून पहिली चिठ्ठी आधी, मग दुसरी, मग तिसरी. भास्करची पाचवी होती. सप्टेंबर उजाडला तेव्हा ती चौथी झाली होती. सहा महिन्यांत एक पायरी, या हिशोबानं भांडं हातात पडायला एकोणीसशे एकोणसाठ साल उजाडलं असतं.

आणि साल चालू होतं सत्तावन्न. शिष्यवृत्ती डिसेंबरअखेर संपत होती. पुण्याच्या कॉलेजनं लेक्चररची जागा त्याच्यासाठी राखून ठेवली होती, तीही फक्त जानेवारीपर्यंत. भांडं नाही तर त्यात वायू दाबून प्रयोग नाही, प्रयोग नाही तर प्रबंध नाही, आणि प्रबंध नाही तर दोन वर्षं जर्मनीत राहून बटाटे खाल्ले एवढंच सांगायला घरी परत जायचं. जाड भिंतींचं, आठ बोल्टांच्या झाकणाचं ते भांडं त्यानं आईला पत्रात चित्र काढून समजावून सांगितलं होतं. तिनं उलट टपाली विचारलं होतं की त्यात किती माणसांचा भात होतो.

ब्रेंडले माइस्टर कामात वाईट होते असं त्यांच्या शत्रूलाही म्हणता आलं नसतं. पन्नाशीचा, राखाडी कोट घालणारा, कानावर पेन्सिल खोचलेला हा माणूस लेथवर उभा राहिला की केसाचा दहावा भाग सुद्धा चुकत नसे. अडचण हाताची नव्हती, रांगेची होती. चिठ्ठी पुढे सरकवायची नाही म्हणजे नाही. खुद्द प्राध्यापकांनी एकदा सांगून बघितलं होतं. त्यांनाही माइस्टरांनी "रांग म्हणजे रांग, हेर प्रोफेसर" असं, हेर म्हणजे श्रीयुत लावून, अदबीनं म्हणून वर पाठवलं होतं.

बरं, रांगेचा एवढा बाऊ करणारा माणूस निदान रांगेतली कामं तरी करत बसेल की नाही? तर तेही नाही. वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक काचेचं कपाट होतं. त्यात मुरंब्याच्या सहा बरण्या उपड्या घातलेल्या होत्या, आणि प्रत्येक बरणीखाली एक पांढरा बेसबॉलचा चेंडू होता. गावातल्या अमेरिकन फौजेच्या संघांची दर सप्टेंबरात अजिंक्यपदाची लढत व्हायची. जिंकणाऱ्या संघाच्या नऊ खेळाडूंच्या आणि मॅनेजरच्या, म्हणजे संघ चालवणाऱ्या प्रशिक्षकाच्या, सह्या प्रत्येक चेंडूवर होत्या. एक्कावन्न ते छप्पन्न, सहा वर्षांचे सहा चेंडू. चेंडू घरंगळू नये म्हणून प्रत्येकाखाली पितळेची कडी होती. ती कडी माइस्टरांनी स्वतः, संस्थेच्या लेथवर, संस्थेच्या वेळात, आरशासारखी घासून काढलेली होती. भास्करच्या भांड्याला सहा महिने, आणि चेंडूच्या बैठकीला अख्खा आठवडा. सातवी कडी ऑगस्टातच तयार होऊन रिकाम्या बरणीखाली बसली होती. ती दिसली की भास्करच्या डोक्यात तिडीक जायची.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माइस्टरांनी त्याला खाली बोलावलं. भास्कर दोन-दोन पायऱ्या गाळत उतरला. वाटलं, लागला नंबर.

"हेर उकिडवे, तुम्हाला इंग्लिश येतं," माइस्टर म्हणाले.

"येतं."

माइस्टरांनी खणातून स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला कोरा चेंडू काढला. शनिवारी अंतिम सामना होता. आतापर्यंत एक अमेरिकन सार्जंट त्यांना सह्या आणून देत असे, पण वसंतात त्याची मायदेशी बदली झाली. आता सह्या कोण आणणार?

"इंग्लिश तर तुम्हालाही येतं की," भास्कर न राहवून म्हणाला. "तीन वर्षं तुम्ही टेक्सासमध्ये होता."

"कैदी म्हणून होतो," माइस्टर म्हणाले. मग हातातला चेंडू फिरवत त्यांनी जे सांगितलं ते भास्करनं त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. त्रेचाळीस साली आफ्रिकेत पकडले गेले आणि अमेरिकेतल्या छावणीत जाऊन पडले. सकाळी मोजणीची रांग, दुपारी जेवणाची रांग, संध्याकाळी परत मोजणीची. पहारेकऱ्यांनी कैद्यांना बेसबॉल शिकवला, तेवढीच एक गोष्ट बिनरांगेची. मैदानावर नऊ माणसं नऊ ठिकाणी उभी असतात, एकामागे एक कुणी नसतं. सुटून घरी आले तेव्हा त्यांनी ठरवलं, अमेरिकनासमोर आता कशासाठीही रांगेत उभं राहायचं नाही. सामना ते दर वर्षी बघायचे, पण तारेच्या कुंपणाबाहेर, सायकलला टेकून.

त्यानंतर चेंडूवर सही कशी असावी यावर माइस्टर पाव तास बोलले. शाई कुठली, कोण कुठे, काय चालतं, काय चालत नाही. खास इथल्या बोलीत, भराभर, पेन्सिलीचं टोक चेंडूवर फिरवत. भास्कर जर्मनमध्ये जा, जा, गेनाऊ, म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, म्हणत राहिला आणि बघत राहिला खिळ्याकडे. सह्या आणल्या तर चिठ्ठी सरकेल का, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. शेवटी त्यानं तसं विचारलंच.

"आधी चेंडू," माइस्टर म्हणाले. "मग बघू."

बघू. या एका शब्दावर तो सहा महिने काढत होता.

शुक्रवारी प्राध्यापक दौऱ्यावरून परतले आणि त्यांनी शनिवारी दुपारी दोनला भास्करला चर्चेला बोलावलं. नेमकं दोनलाच. सामनाही दोनलाच. प्राध्यापकांना नाही म्हणायची सोय नव्हती आणि चेंडू परत द्यायची तर मुळीच नव्हती. भास्कर खोलीत डोकं धरून बसला असताना समोरच्या खोलीतला श्रीरंग चहा मागायला आला.

श्रीरंग सांगलीचा. रस्तेबांधणीवर संशोधन करायला आलेला आणि रस्त्यापेक्षा रस्त्यावरच्या माणसांत जास्त रमणारा. शाळेपासून त्याला सह्या गोळा करायचा नाद होता. गवई, मंत्री, पहिलवान, कीर्तनकार, सगळ्यांच्या सह्यांच्या तीन वह्या तो बोटीनं जर्मनीपर्यंत घेऊन आला होता. का, ते कुणाला माहीत नाही.

"अरे मग काळजी कसली करतोस? मी जातो," श्रीरंग म्हणाला. "सह्या घेणं हा माझा प्रांत. बालगंधर्वांची सही मी नाट्यगृहात पडद्यामागे जाऊन आणलीय."

"तू तर म्हणाला होतास, ते नाटक मांडवात होतं," भास्कर म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. मांडवात. दे चेंडू."

"श्रीरंग, नीट ऐक. फक्त सह्या. नऊ खेळाडू आणि एक मॅनेजर. बाकी काही करायचं नाही. माझं वर्ष अडकलंय त्यात."

"जा, जा, गेनाऊ," श्रीरंग म्हणाला आणि चेंडू कोटाच्या खिशात टाकला. ते जा, जा भास्करला उगाच ओळखीचं वाटलं. याच सुरात तो स्वतः माइस्टरांना म्हणाला होता.

शनिवारी संध्याकाळी सहाला श्रीरंग सायकलवरून परतला. उन्हानं नाक लाल झालेलं, तोंडात कुणीतरी दिलेलं च्युइंगगम. त्यानं चेंडू टेबलावर ठेवला. भास्करनं तो हातात घेतला आणि खाली बसला.

चेंडूवर पांढरी जागा म्हणून उरली नव्हती. सह्या होत्या, दहाही होत्या, पण प्रत्येक सहीच्या वर दोन-दोन, तीन-तीन ओळींचा मजकूर होता. शिवणीवरून चढून पलीकडे गेलेला. आणि चेंडूच्या वरच्या अंगाला, लाल शिवणी जिथे जवळ येतात त्या अरुंद पट्टीवर, ठसठशीत निळ्या शाईत लिहिलेलं होतं: श्री.

"हे काय आहे?" भास्करनं विचारलं.

"श्री."

"ते दिसतंय मला. कुणी लिहिलं?"

"मीच. अरे, कोरी वस्तू होती. कोऱ्या वस्तूवर आधी श्री नाही घालायचा तर काय घालायचं? वहीच्या पहिल्या पानावर घालतोस ना तू?"

भास्करला आता सगळं आठवलं. पेन्सिलीचं टोक नेमकं त्याच पट्टीवर थांबलं होतं. इथे फक्त मॅनेजर, माइस्टर म्हणाले होते, दोनदा म्हणाले होते. चेंडूवरची मानाची जागा तेवढी एकच. आणि आपण जा, गेनाऊ म्हणत खिळ्याकडे बघत होतो.

"आणि हे बाकीचं? हा निबंध कसला?"

"संदेश," श्रीरंग समजुतीच्या सुरात म्हणाला. "नुसती सही काय घ्यायची? संदेशाशिवाय सही म्हणजे बँकेचा चेक. आपल्याकडे कुणी घेतं का तशी? मी प्रत्येकाला म्हटलं, दोन शब्द लिहा, पुढच्या आयुष्याला उपयोगी पडतील असे."

भास्कर एकेक संदेश वाचत गेला. एकानं लिहिलं होतं, भाज्या खात जा. एकानं, आईला पत्र पाठव. एकाचा उजवा हात दुखावला होता, त्यानं डाव्या हातानं नुसतं, कंटाळू नकोस, असं ओढलं होतं. मॅनेजरनं श्रीखाली उरलेल्या नखाएवढ्या जागेत सही दाटीवाटीनं बसवली होती. आणि प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला एक नाव होतं. माइस्टर ऑटो ब्रेंडले यांस.

"त्यांचं नाव कशाला घातलंस?" भास्करचा आवाज आता चिरकला होता.

"संदेश म्हटल्यावर ते विचारणारच ना, कुणाला? मग तू मला सांगितलेलं सगळं मी सांगितलं. आमच्या भास्करचे एक माइस्टर आहेत, तुमच्याकडे तीन वर्षं कैदेत होते, तिथेच हा खेळ शिकले, आता रागानं इथे येत नाहीत."

भास्करनं दोन्ही हात कपाळाला लावले. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडून श्रीरंगला काही कळलं असतं असा अनुभव नव्हता. "तू माझं वाटोळं केलंस," तो हळूच म्हणाला. श्रीरंगनं स्वतःच चहा केला आणि दोन कप भरले.

रविवारचा दिवस भास्करनं त्या चेंडूसमोर बसून घालवला. दुसरा चेंडू मिळण्यासारखा नव्हता, आणि संघ तर सकाळीच सुटीवर पांगला होता. निदान श्री पुसून टाकावा, पट्टी तरी मोकळी दिसेल, म्हणून त्यानं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला. दोन वर्षांत त्यानं देवापुढे एकदाही हात जोडले नव्हते, उदबत्ती लावणाऱ्या श्रीरंगची थट्टाही केली होती. पण बोळा चेंडूपाशी नेला आणि हात पुढे धजेना. स्वतःचाच भयंकर राग आला. शेवटी त्यानं त्या बोळ्यानं टेबल पुसून काढलं.

सोमवारी सकाळी तो वर्कशॉपमध्ये गेला आणि फडक्यातला चेंडू माइस्टरांच्या पुढ्यात ठेवला. काही बोलायचं नाही, शिव्या खायच्या आणि वर जायचं, असं ठरवूनच गेला होता.

माइस्टरांनी फडकं सोडलं. चेंडू उचलून डोळ्यांजवळ नेला. मग नेमकं पट्टीवर बोट ठेवलं.

"हा कोण?"

आता खोटं बोलायला सुद्धा अंगात बळ नव्हतं. "आमच्याकडचा आहे," भास्कर म्हणाला. "कुठलीही गोष्ट सुरू करताना आधी त्याचं नाव घालतात. माझ्या मित्रानं घातलं. त्याला ही जागा कुणाची ते माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं, तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

"म्हणजे मॅनेजर."

"हो. तसंच समजा."

माइस्टरांनी नाकावर चष्मा चढवला आणि चेंडू फिरवत वाचायला लागले. टेक्सासमधलं इंग्लिश, अकरा वर्षं फारसं न वापरलेलं, एकेक शब्द ओठांनी उच्चारत. माइस्टर ऑटो ब्रेंडले यांस, भाज्या खात जा. माइस्टर ऑटो ब्रेंडले यांस, आईला पत्र पाठव. भास्करला वाटत होतं की भुईनं आपल्याला पोटात घ्यावं. दहाव्या संदेशापाशी ते थांबले.

"दहाही जण. पूर्वीच्या सार्जंटला दोन आठवडे लागायचे, तरी एखादा निसटायचाच. तुमच्या मित्रानं एकाच दिवसात कसे पकडले?"

हे भास्करनं विचारलंच नव्हतं. रविवारी रात्री जेवताना श्रीरंगनं आपणहून सांगितलं होतं आणि त्यानं वैतागून अर्धवट ऐकलं होतं. आता तेच त्यानं जसंच्या तसं सांगून टाकलं. "सगळे एकदम चेंडू ओढायला लागले. त्याला ढकलाढकली आवडत नाही. तो म्हणाला, अशानं संदेश चांगले येणार नाहीत. म्हणून त्यानं त्यांना रांगेत उभं केलं."

माइस्टरांनी चष्मा काढला.

"रांगेत?"

"एकामागे एक."

"मॅनेजर सुद्धा?"

"तो शेवटी होता. म्हणूनच त्याला जागा उरली नाही."

"किती वेळ?"

"अर्धा-पाऊण तास असेल. काय लिहावं ते त्यांना सुचत नव्हतं. श्रीरंग म्हणत होता, एक जण मधूनच बसायला गेला तर बाकीचे त्याला म्हणाले, नंबर जाईल."

वर्कशॉपमध्ये दुसरी दोन माणसं काम करत होती, त्यांचे लेथ चालूच होते. माइस्टर हसतील असं भास्करला वाटलं, पण ते हसले नाहीत. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून उगाच परत कानावर ठेवली.

"पाऊण तास," ते म्हणाले. "माझ्यासाठी."

मग उठले. चेंडू कपाटाकडे नेला, सातव्या कडीवर ठेवला आणि श्री वरच्या अंगाला येईल असा बेतानं फिरवला. बरणी उपडी घातली. तिथून ते सरळ दाराशी गेले. खिळ्यावरच्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्या, बाहेरच्या, मधल्या, आतल्या, सगळ्या. खिळा पूर्ण मोकळा केला. भास्करची चिठ्ठी हुडकून ती भिंतीपर्यंत नेऊन दाबली आणि बाकीच्या तिच्यावर परत खोचल्या.

त्यांचा जुना मदतनीस लेथ थांबवून बघतच राहिला. "माइस्टर, रांग?"

"आज नाही," माइस्टर म्हणाले.

भांडं ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी तयार झालं. मधले चार आठवडे भास्करनं तळघराकडे फिरकायचं नाही असं ठरवलं होतं आणि रोज फिरकला. ज्यांच्या चिठ्ठ्या मागे गेल्या होत्या ते तिघे जिन्यात भेटले की तोंड फिरवत होते. चौथा विचारत होता, तू त्या म्हाताऱ्याला खायला काय घातलंस? श्रीरंगला यातलं काही सांगायचं नाही असा भास्करनं निश्चय केला होता. एकदा कळलं असतं तर तो जन्मभर ऐकवत राहिला असता. तो निश्चय सोमवारी संध्याकाळीच मोडला होता आणि श्रीरंग तेव्हापासून ऐकवत होता.

माइस्टरांनी भांडं टेबलावर ठेवलं. भास्कर मोजपट्टी, कॅलिपर, ड्रॉइंग सगळं घेऊनच आला होता. व्यास बरोबर, भिंत बरोबर, आठ बोल्ट बरोबर. बोट फिरवलं तर कुठे खरखरसुद्धा लागत नव्हती. मग त्यानं झाकण उजेडात धरलं आणि त्याचा चेहरा वाकडा झाला.

झाकणाच्या मधोमध, आरशासारख्या पोलादात, काहीतरी कोरलेलं होतं. जर्मन हातानं चेंडूवरून बघून काढलेलं. वेलांटी जरा जास्तच लांब गेली होती, आणि डोक्यावरची रेघ फूटपट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. बाकी चुकण्यासारखं काही नव्हतं.

"ड्रॉइंगमध्ये हे नाही," भास्कर म्हणाला. सवयीचा वैताग होता, तोंडातून आपोआप निघाला.

"नाही," माइस्टर म्हणाले. "बाहेरच्या बाजूला आहे, गळती होणार नाही. मी दाब देऊन बघितलाय."

"पण कशासाठी?"

माइस्टरांना प्रश्नच कळला नाही असं दिसलं. इतका शिकलेला माणूस आणि पुन्हा पुन्हा तेच विचारतो, अशा नजरेनं त्यांनी भास्करकडे पाहिलं आणि पेन्सिलीचं टोक झाकणाच्या मध्यावर टेकवलं.

"ही मॅनेजरची जागा," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं तुम्हाला. या वेळी तरी ऐका."

भास्करनं ऐकलं. मग त्यानं झाकण भांड्यावर ठेवलं आणि आठही बोल्ट एकेक करून हातानं आवळत बसला.